कापूस विकू की थांबू, आणि डोक्यातल्या लहरींचं काय

पारोळा तालुक्यातून पत्र आलंय. लांबलचक आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथे देते:

"ताई, वय ३२, घरची नऊ एकर कोरडवाहू. ३८ क्विंटल कापूस तीन महिन्यांपासून पुढच्या खोलीत भरून ठेवलाय. वडील रोज म्हणतात इकी टाक, शालक फोनवर म्हणतो थांबा दाजी, भाव चढणार. रात्री दोनला मी पक्कं ठरवतो की उद्या देऊन टाकायचा, आणि सकाळी व्यापाऱ्याची गाडी दारात आली की तोंडातून निघतं, दोन दिवस थांबा भाऊ. तीन आठवड्यांत असं पाच वेळा झालं. जळगावला एका क्लासवाल्याने सांगितलं की तुमचा मेंदू बीटा लहरींमध्ये अडकलाय, अल्फात आणला की निर्णय आपोआप होतील, कपाळाला लावायचा पट्टा आणि कोर्स मिळून १४,५०० रुपये. तुम्ही ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपायच्या, कामात आहात म्हणून विचारतो, लहरी खरंच निर्णय घेतात का? माझ्या कमजोर असतील का? ईईजी काढून घेऊ का? मी तर असंही वाचलं की आपल्याला कळायच्या आधीच मेंदू ठरवून मोकळा होतो, मग मी एवढं डोकं कशाला खातोय? झोप नाही. कधी कधी वाटतं सगळं सोडून द्यावं."

राम राम भाऊ.

आधी ते साडेचौदा हजार खिशातच राहू द्या. पुढचं सगळं निवांत वाचा, पण तेवढं मात्र आत्ताच करा.

मी एकोणीस वर्षं लोकांच्या डोक्याला वायरी लावतेय, डॉक्टर नाहीये, टेक्निशियन आहे, त्यामुळे औषधाचं काही सांगणार नाही पण लहरी मात्र रोज डोळ्यांनी बघते. आमच्याकडे पेशंट आला की पहिलं भांडण तेलावरून होतं, सांगितलेलं असतं केस धुऊन या, तेल लावू नका, तरी म्हातारी माणसं चपचपीत तेल चोपडून येतात कारण दवाखान्यात जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं. मग ते पुसा, डोक्यावर एकवीस ठिकाणी मापं घेऊन चिकट पेस्ट लावा, चकत्या बसवा, आणि मग मी म्हणते, डोळे मिटा. डोळे मिटले की सेकंद-दोन सेकंदात स्क्रीनवर डोक्याच्या मागच्या भागातल्या रेघांमध्ये एकसारखी लाट चालू होते, सेकंदाला आठ ते तेरा हेलकावे. तीच अल्फा. डोळे उघडा म्हटलं की गायब. शेतकरी असो, मास्तर असो, फिट येणारा पोरगा असो, बहुतेक सगळ्यांची येते. म्हणजे क्लासवाला जी वस्तू विकतोय ती तुमच्या पापण्यांना जोडूनच मिळालेली आहे, फुकट. आणि ती सगळ्यात ठळक दिसते डोक्याच्या मागच्या बाजूला, पट्टा लावायचा कपाळाला, तिथे केस नसतात म्हणून त्यांना सोयीचं, पण तिथे पापणीची उघडझाप आणि कपाळाच्या आठ्यांचा करंटच एवढा येतो की आम्ही वैतागतो. एखाद्याने नुसता जबडा आवळला तरी आमच्या स्क्रीनवर बीटासारखं दाट गवत उगवतं, आणि तुम्ही तर कापसाच्या टेन्शनमध्ये दात आवळूनच बसलेले असणार.

ही अल्फा पहिल्यांदा ज्याने टिपली त्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते, थोडं विषयांतर होईल. हान्स बर्गर, जर्मनीतल्या येना गावचा मनोविकारतज्ञ. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडला, मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली की बरा आहेस ना, कारण त्याच्या बहिणीला तिकडे एकाएकी वाटलं होतं की भावाचं काहीतरी बरंवाईट झालं. बर्गरच्या डोक्यात बसलं की माझं मन तिच्यापर्यंत पोचलं, ही कुठली तरी शक्ती असणार, आणि ती शोधण्यात त्याची वर्षंच्या वर्षं गेली. १९२४ साली त्याने माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विजेच्या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये छापल्या. मनातलं दुसऱ्याकडे पोचवणारी शक्ती काही सापडली नाही, पण शंभर वर्षांनी मी त्याच्या शोधावर पगार घेतेय.

आता लहर म्हणजे काय ते. मेंदूत कोट्यवधी पेशी एकमेकींना विजेचे निरोप देत असतात, त्यातल्या पुष्कळशा पेशींचा करंट एकाच तालात वरखाली झाला की त्याचा मिळून जो हेलकावा होतो तो कवटीच्या बाहेरून आपल्याला दिसतो. किती मोठा? घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या तीस हजाराव्या भागाएवढा. तुम्ही बाजार समितीच्या भिंतीबाहेर रस्त्यावर उभे आहात असं समजा, आत लिलाव चालू आहे का गर्दी पांगली एवढं तुम्हाला आवाजावरून कळेल, पण कोणाच्या मालाला काय भाव फुटला हे नाही कळणार. ईईजीचं तसंच आहे. म्हणून तुमची ईईजी काढून कापूस विकावा का थांबावं हे कोणालाच दिसणार नाही, फिट येत असेल, बेशुद्धी येत असेल तर ती तपासणी आहे, त्यासाठी ती उत्तम आहे, तुम्हाला तिची काही गरज दिसत नाही. (मनातलं लहरींवरून वाचता येतं असं मानणारे फक्त क्लासवालेच आहेत असं समजू नका, २००८ साली पुण्याच्या कोर्टात एका खून खटल्यात अशा चाचणीचा आधार घेतला गेला होता आणि त्यावर जगभर बोंब झाली. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय असली चाचणी करायचीच नाही.)

पण म्हणून लहरींचा आणि निर्णयाचा संबंधच नाही असंही नाही हां. संबंध आहे, आणि तुमच्या बाबतीत तो क्लासवाल्याने सांगितलं त्याच्या जवळजवळ उलटा आहे.

थीटा म्हणून एक लहर आहे, सेकंदाला चार ते आठ. माणसापुढे दोन ओढी आल्या, हेही बरं वाटतं आणि तेही सुटत नाही, की कपाळाच्या मध्याच्या मागे, मेंदूच्या पुढच्या भागाच्या आतल्या बाजूला ही थीटा वाढते. संशोधकांनी हे खूप वेळा पाहिलंय. आणि ती वाढली की माणूस सावध होतो, जरा वेळ घेतो, जास्त पुरावा मागतो. हे कसं कळलं तर कंपवाताच्या पेशंटवरून. कंपवातात काही जणांच्या मेंदूत खोलवर पेशींच्या एका छोट्या पुंजक्यात तार बसवतात आणि छातीत मशीन, त्याने थरथर कमी होते. अमेरिकेत मायकल फ्रँक यांच्या टीमने २००७ मध्ये दाखवलं की हे मशीन चालू असताना हे लोक अवघड निवडीत, जिथे थांबायला पाहिजे नेमकं तिथेच, घाई करतात. मग २०११ मध्ये जेम्स कॅव्हेना आणि फ्रँक यांनी त्याला थीटा जोडून दाखवली: एरवी थीटा वाढली की माणूस थांबतो, मशीन चालू केलं की थीटा वाढली तरी ब्रेक लागत नाही. म्हणजे आपल्या डोक्यात एक ब्रेक आहे आणि तो लागतो तेव्हा थीटा दिसते. तुम्ही जेव्हा गाडीवाल्याला "दोन दिवस थांबा भाऊ" म्हणता तेव्हा तुमच्या डोक्याला वायरी लावलेल्या नाहीत, त्यामुळे आत काय चाललं ते मी छातीठोक सांगणार नाही, पण एवढं नक्की की दोन गोष्टींत ओढाताण होऊन अडणं हे मेंदूचं नेहमीचं काम आहे, कमजोरी बिमजोरी काही नाही.

आणखी एक प्रयोग उंदरांवरचा, हा मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितला तर सगळे हसले होते. उंदीर पळताना एका फाट्यावर येतो, डावीकडे का उजवीकडे. त्याच्या मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, अमुक ठिकाणी अमुक पेशी वाजते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका टीमने दाखवलं की फाट्याच्या अलीकडे उंदराच्या थीटाच्या एका हेलकाव्यात डावीकडच्या पेशी वाजतात, पुढच्या हेलकाव्यात उजवीकडच्या, मग परत डावीकडच्या, सेकंदाला आठ वेळा. उंदीर पुढेच धावतोय आणि आत डावं-उजवं-डावं-उजवं. म्हणजे फाटा यायच्या आधी दोन्ही रस्ते आलटून पालटून डोक्यात जातात. तुमचं "विकू, थांबू, विकू, थांबू" तीन आठवडे चाललंय म्हणून ते वेगळंच आहे, उंदराचं सेकंदात उरकतं. पण दोन्ही रस्ते डोळ्यापुढे येतात म्हणजे डोकं चालत नाही असं वहिनींचं म्हणणं असेल तर त्यांना हा उंदीर सांगा.

बीटाबद्दल. सेकंदाला तेरा ते तीस. जागा असलेला, काम करणारा कोणीही माणूस घ्या, बीटा असतेच, हे लिहिताना माझीही असणार. हात हलवायच्या आधी हाताच्या भागातली बीटा खाली येते, हालचाल झाली की परत वर येते. आंद्रेआस एंगल आणि पास्कल फ्रीस या दोघांनी २०१० मध्ये मांडलं होतं की बीटा म्हणजे मेंदूचं "आहे ते तसंच चालू द्या". आता हे ऐकून क्लासवाला टाळ्या वाजवेल, बघा मी म्हणत नव्हतो अडकलाय म्हणून! पण हा सगळा मामला हात तसाच धरून ठेवायचा का हलवायचा असल्या सेकंदभराच्या गोष्टींचा आहे. खोलीत तीन महिने कापूस पडून राहणं हे काही बीटाने होत नाही. खरं शास्त्र, आणि त्याला जोडलेली थाप, असा माल विकणारे नेहमीच जास्त खपवतात.

आणि ते "कळायच्या आधीच मेंदू ठरवतो". बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग तो. माणसाला म्हटलं वाटेल तेव्हा मनगट हलव आणि हलवायचं मनात कधी आलं ते घड्याळावर बघून सांग. लहर अर्धा-एक सेकंद आधी चढायला लागायची आणि "मनात आलं" ती वेळ हालचालीच्या साधारण पाव सेकंद आधीची निघायची. त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली, माणसाला मर्जीच नाही इथपर्यंत. २०१२ मध्ये आरोन शूर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं की अहो, मेंदूत आपोआप वरखाली होणारी चुळबुळ सतत असते, ती योगायोगाने एका पातळीच्या वर गेली की हात हलतो, आणि हात हलला तिथून मागे जाऊन सरासरी काढली की आधीपासून ठरवल्यासारखी चढण दिसणारच. तो वाद अजून चालूच आहे. पण मनगट का आत्ता हलवलं आणि का मग, याला काही कारण लागत नाही, नुकसानही नाही. ३८ क्विंटलला कारणं लागतात. त्यामुळे "मेंदूने आधीच ठरवलंय" म्हणून सोडून द्यायचं असेल तर ते लिबेटवर ढकलू नका.

आता या सगळ्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे, ती म्हणजे पातळी. निर्णयाचा अभ्यास करणारे असं मानतात की मेंदू दोन्ही बाजूंचा पुरावा थोडा थोडा साठवत जातो आणि एका बाजूचा साठा ठरलेल्या पातळीला टेकला की निर्णय होतो. वेचणीवाल्या बाईची झोळी भरली की ती बांधावर जाऊन ओतते तसं. थीटा आणि ब्रेक काय करतात, तर ती पातळी वर सरकवतात, झोळी मोठी करतात. नवी माहिती येत असेल तर हे फार चांगलं. पण तुमच्याकडे नवी माहिती येतेय का? शालकाचा फोन, ग्रुपवरचा मेसेज, तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर, भाव सांगणारा यूट्यूबवाला जो तोच मेसेज वाचून दाखवतो. एकच बोंड पाच वेळा मोजताय भाऊ. आणि जी खरी माहिती पाहिजे, मार्चमध्ये भाव काय असेल, ती कोणाकडेच नाही, त्यामुळे पातळी कितीही वर न्या, ती भरणार कशाने?

शिवाय एक जुना पुरावा तुमच्या डोक्यात घट्ट बसलाय, तुम्ही पत्रात लिहिला नाहीत पण खान्देशातल्या कोणाच्या डोक्यात नाही! २०२१-२२ चा हंगाम. दहा हजारांच्या वर, पुढे बारा हजारांच्याही वर गेला होता कापूस. आमच्या माहेरी, अमळनेरकडे, भावाने तो पैसा पाहिला आणि पुढच्या वर्षी घर भरून ठेवलं, नऊ हजार मिळत होते तेव्हा म्हणाला अजून थांबू. उन्हाळा गेला, पाऊस तोंडावर आला, भाव सातच्या आसपास, कापूस सुकून वजनाला घटलेला, वर पिवळसर झाक, पोरांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच. मला तेव्हा त्याचा फार राग आला होता, आता येत नाही. एकदा मोठं बक्षीस मिळालं की मेंदू परत तिथेच बघत बसतो. उंदीर असो का माझा भाऊ.

म्हणून माझं म्हणणं असं की पातळी आधी ठरवून टाका, गाडी दारात नसताना. रात्री दोनला तर मुळीच नाही. सिंगापूरच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक रात्र जागवलेल्या लोकांना जुगारासारखे खेळ दिले, तर एरवी नुकसान वाचवणारी माणसं जागरणानंतर मोठ्या फायद्याच्या मागे लागली. तुमचं उलट दिसतं, रात्री विकायला तयार आणि सकाळी नाही, पण मला वाटतं रात्री तो निर्णय नसतोच, गाडी नाही, काटा नाही, कोणी उत्तर मागत नाही, नुसतं मनाला जरा झोपवायचं असतं. तर रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, वडिलांना बाजूला बसवा. कॅलेंडरच्या मागे दोनच गोष्टी लिहा, एक भाव आणि एक तारीख, यातलं जे आधी येईल त्या दिवशी द्यायचा. वडिलांनी आणि तुम्ही दोघांनी सही करा, हसू येईल पण करा. शालकाला फोन लावू नका त्या दिवशी.

आणि सगळा एकदम कशाला? निम्मा आता, निम्मा तारखेला. मग भाव चढला तरी निम्मा हातात आहे आणि पडला तरी निम्मा वाचलाय. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं असेल तर तेवढ्या रकमेचा कापूस बाजूला काढून आधी तोच द्या, त्याच्यावर जुगार नको. भाव लिहिताना चालू हंगामाचा हमीभाव समोर ठेवा, २०२५-२६ ला तो क्विंटलमागे लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० होता. गाडीवाला त्याच्या बराच खाली मागत असेल तर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्राची चौकशी करा, कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी लागते, आणि माल वाळवून न्या. आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्याच्या वर कपात, बाराच्या वर घेत नाहीत. तीन महिने घरात राहिलेला कापूस बहुतेक सुकलेलाच असणार, तेवढा एक फायदा.

भावाचं अ‍ॅप दिवसातून एकदा, संध्याकाळी. उठल्या उठल्या नको.

आता शेवटच्या ओळीबद्दल, "सगळं सोडून द्यावं". ती तुम्ही उगाच लिहिली असेल तर बरंच आहे, पण मी ती उगाच वाचत नाही. तीन आठवडे झोप नाही, आणि मनात असं येतंय, तर ते कापसाच्या भावावर सोडू नका. वहिनींशी किंवा वडिलांशी मोकळं बोला, आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलतात. आत्ता लगेच जिवाचं काही बरंवाईट मनात येत असेल तर पत्र वाचणं थांबवा आणि आधी फोन लावा, घरातल्या कोणाला तरी उठवा. नाहीतर जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते, तिथे जा. तिथे जाणारा माणूस वेडा असतो असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे पाठवा, रोज कोण कोण येतं ते मी बघते.

वडिलांचं "इकी टाक" तेवढं हसण्यावारी नेऊ नका. ते चुकत असतील, नसतील, पण २०२२ च्याही आधीचे भाव त्यांना आठवतात, बारा हजार एकदाच आले हे त्यांना माहीत आहे, तुमच्या शालकाला नाही. रविवारी तारीख लिहून झाली की मला कळवा, कोणती लिहिली ते नको, लिहिली एवढंच. आणि गाडी आली की पहिलं पोतं चढायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते स्वतः वाकून बघा, भाव ठरवण्यात एवढं डोकं घालवून मापात चार किलो गेले तर वडील वर्षभर ऐकवतील.